किती एमबीपीएस, आणि तार जोडायला येणार कोण?

मानेवाडा, बेसा, बेलतरोडी किंवा झिंगाबाई टाकळीच्या कोणत्याही लेआउटमध्ये विजेच्या खांबाकडे मान वर करून पाहिले, की तीन-चार कंपन्यांच्या काळ्या तारांची वेटोळी दिसतात आणि त्याच खांबाला बांधलेले फलकही दिसतात. फलकावर वेग मोठ्या आकड्यांत लिहिलेला असतो, १००, २००, ३०० एमबीपीएस, आणि खाली मोबाइल नंबर. घरात नवी जोडणी घ्यायची ठरली की बोलणी याच आकड्यांपासून सुरू होतात. शंभरचा प्लॅन घ्यायचा की दोनशेचा, वर्षाचे पैसे एकदम भरले तर दोन महिने फुकट मिळतात का, सोबत कोणते ओटीटी येते. तार तुटली तर ती जोडायला कोण येणार, हा प्रश्न सहसा पहिल्या पावसानंतर पडतो.

नागपूरच्या घराने हा क्रम उलटा करावा, असे मला वाटते. आधी तार कोणत्या वाटेने घरात येते आणि बिघडली तर कोण, किती वेळात दुरुस्त करतो हे पाहावे. वेग त्यानंतर. हे सरसकट सगळ्यांना लागू नाही. वेगाचाच विचार आधी करावा लागतो अशी घरेही या शहरात आहेत, आणि त्यांची बाजू पुरेशी वजनदार आहे. म्हणून दोन्ही पारडी भरून पाहू.

आधी वेगाचे पारडे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य माणसासाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा फोनच्या तारेवरून येणारा वेग आजच्या हिशेबात मोजण्यासारखाही नव्हता. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटले, २०१३ मध्ये ती मर्यादा ५१२ केबीपीएस झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये २ एमबीपीएस. म्हणजे सरकारी व्याख्येत आजही २ एमबीपीएसची जोडणी ब्रॉडबँडच ठरते, आणि खांबावरचा फलक ३०० सांगतो. दीडशेपटीच्या या अंतरात आपल्या घराची गरज नेमकी कुठे बसते, हे शोधणे अवघड नाही. त्यासाठी तंत्रज्ञ असावे लागत नाही, बेरीज यावी लागते.

चौघांचे घर धरू. मुलगी पुण्याच्या कंपनीचे काम घरून करते, मुलगा नीटच्या तयारीसाठी ऑनलाइन क्लास करतो, आजी फोनवर मालिका पाहतात आणि बैठकीतल्या टीव्हीवर सिनेमा चालू आहे. व्हिडिओ कॉलला चांगल्या प्रतीसाठी तीन-चार एमबीपीएस लागतात. फुल एचडी चित्रासाठी नेटफ्लिक्स ५ एमबीपीएस पुरेसे मानते आणि फोरके चित्रासाठी १५. मुलीचा कॉल ४, मुलाचा क्लास ४, आजींची मालिका ५, टीव्ही फोरके असला तर १५. सगळे एकाच वेळी चालू असताना बेरीज २८ होते. फोन स्वतःहून अद्ययावत होत असतात, दारावरचा कॅमेरा चालू असतो, पाहुणे येतात. त्यासाठी दुप्पट धरले तरी ६० च्या आत भागते. याचा अर्थ ५० एमबीपीएसमध्ये हे घर बहुतेक वेळा सुखाने चालेल आणि १०० मध्ये कोणालाही काही जाणवणार नाही. निवृत्त दांपत्याला ३० सुद्धा पुरून उरते.

जाहिरातीत बिट मोजलेले असतात आणि फाइल उतरवताना आपण बाइट मोजतो, म्हणून आकड्याला आठाने भागावे लागते. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. एक जीबीची फाइल उत्तम परिस्थितीत ऐंशी सेकंदांत उतरते. ३०० च्या जोडणीवर तीच सत्तावीस सेकंदांत येईल. महिन्यातून दोन-तीनदा असे काही उतरवणाऱ्या घराने या त्रेपन्न सेकंदांसाठी दरमहा किती जास्त मोजायचे, हे ज्याने त्याने ठरवावे. मला ते पटत नाही.

दराचा अंदाज यावा म्हणून एक उदाहरण पुरे. जिओने २०२० साली जाहीर केलेल्या फायबर दरांत ३० एमबीपीएससाठी ३९९, १०० साठी ६९९, १५० साठी ९९९ आणि ३०० साठी १४९९ रुपये होते. त्यावर १८ टक्के जीएसटी. ६९९ चा प्लॅन प्रत्यक्षात ८२५ रुपयांना पडतो, हे फलकावर लिहिलेले नसते. १०० वरून ३०० वर गेले की करासह महिन्याला साडेनऊशेच्या आसपास वाढतात, वर्षाला अकरा हजारांहून जास्त. वरच्या प्लॅनमध्ये ओटीटी येतात हे खरे. ज्या घरात त्यांचे पैसे आधीच वेगळे भरले जातात, त्यांनी वजाबाकी करून पाहावी, कधीकधी ती फायद्यात जाते. ‘अनलिमिटेड’ या शब्दामागे महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते, तिचे भय मात्र बाळगू नये. दिवसाला ती ११० जीबी पडते. फुल एचडी चित्र तासाला सव्वादोन जीबी खाते, म्हणजे दिवसभरात मिळून ४८ तासांचे पाहणे झाले तर मर्यादा गाठली जाईल. चार टीव्ही बारा-बारा तास चालवणारे घर सापडणे कठीण.

आता दुसऱ्या बाजूची माणसे. धंतोली-रामदासपेठेतल्या रुग्णालयांसाठी रात्री घरून सीटी स्कॅन वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टला शेकडो एमबीच्या फाइल मिनिटांत हव्या असतात, कारण पलीकडे रुग्ण टेबलावर असतो. लग्नाचे व्हिडिओ संपादित करणाऱ्याला रोज पन्नास-शंभर जीबी वर चढवायचे असतात. वास्तुविशारद, ॲनिमेशन करणारे, परदेशी कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर बांधणारे, या सगळ्यांचा वेळ म्हणजे पैसा आहे आणि ३०० चा प्लॅन त्यांना स्वस्तच पडतो. त्यांनी जाहिरातीतला आकडा विचारून थांबू नये, वर चढवण्याचा वेग वेगळा विचारावा. बऱ्याच फायबर प्लॅनमध्ये दोन्ही दिशांचा वेग सारखा असतो, हवेतून येणाऱ्या जोडणीत चढता वेग उतरत्यापेक्षा बराच कमी असतो. काही स्थानिक जोडण्यांत त्याबद्दल कोणी बोलतच नाही. शेअर बाजारात व्यवहार करणारे आणि गेम खेळणारे मात्र उगाच मोठा प्लॅन घेतात. त्यांना लागते ते कमी विलंबाचे नेट. तो विलंब तारेच्या प्रतीवर आणि ऑपरेटरच्या पुढच्या जोडणीवर अवलंबून असतो, प्लॅनच्या आकड्यावर नाही.

हा आकडा कुठून येतो हेही समजून घ्यायला हवे. फायबरच्या प्रचलित पद्धतीत एका मूळ तंतूवर सुमारे अडीच हजार एमबीपीएसची क्षमता असते आणि तो तंतू विभागून बत्तीस किंवा चौसष्ट घरांना दिला जातो. बत्तीसने भागले तर वाट्याला ७८ येतात, चौसष्टने भागले तर ३९. तरीही प्रत्येकाला ३०० विकता येतात, कारण सगळे एकाच क्षणी पूर्ण वेग वापरत नाहीत. यात फसवणूक नाही, जगभर हीच पद्धत आहे. फसवणूक सुरू होते ती ऑपरेटरने पुढच्या कंपनीकडून घेतलेली एकूण क्षमता त्याच्या ग्राहकांच्या मानाने तुटपुंजी असली तर. मग रात्री नऊ ते अकरा या वेळेत टीव्हीवरचे चक्र फिरत राहते आणि सकाळी सहाला मोजलेला वेग मात्र अगदी बरोबर भरतो. म्हणून वेग तपासायचा तो रात्री दहाला. दूरसंचार नियामक ट्रायचे मायस्पीड ॲप त्यासाठी आहे.

घरातल्या घरातही बराच वेग हरवतो. महालातल्या जुन्या वाड्यांच्या भिंती हातभर जाड आहेत. नव्या बांधकामांत मध्ये काँक्रीट आणि लोखंड आहे. जोडणीसोबत फुकट मिळालेले राउटर अनेकदा फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालते, आणि शेजारच्या दहा घरांची वाय-फाय त्याच पट्ट्यात गर्दी करून असते. अशा राउटरवर १०० चा प्लॅनही खोलीच्या पलीकडे तीस-चाळीसच देतो. लोक ऑपरेटरला दोष देतात आणि प्लॅन वाढवतात. त्यापेक्षा दोन्ही पट्ट्यांचे बरे राउटर एकदाच घ्यावे आणि ते घराच्या मध्यावर, उंच ठेवावे. नागपुरात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. उन्हाळ्यात खिडकीत बसणारा कूलर म्हणजे पत्र्याची मोठी पेटी असते. राउटर त्याच्या मागे गेले की संदेश अडतो, आणि दमट हवेत यंत्राचे आयुष्यही घटते. काम करायच्या टेबलापर्यंत राउटरपासून साधी तार ओढली तर अर्ध्या तक्रारी तिथेच संपतात.

इथपर्यंतचा हिशेब कोणत्याही शहराला लागू पडला असता. नागपूरचे वेगळेपण खांबापासून सुरू होते.

या शहरात साधारण चार वाटांनी घरात इंटरनेट येते. जिओ-एअरटेलसारख्या मोठ्या कंपन्यांचे फायबर, बीएसएनएलचे फायबर, केबल टीव्हीच्या काळापासून जाळे असलेले स्थानिक ऑपरेटर, आणि अलीकडे फाइव्ह-जी मनोऱ्यावरून छतावरच्या किंवा खिडकीतल्या यंत्रात येणारी जोडणी. ६ ऑक्टोबर २०२२ रोजी एअरटेलने देशात ज्या पहिल्या आठ शहरांत फाइव्ह-जी सुरू केले, त्यांत दिल्ली-मुंबईबरोबर नागपूर होते. त्यामुळे या चौथ्या वाटेसाठी लागणारे मनोऱ्यांचे जाळे इथे तुलनेने लवकर उभे राहू लागले.

मोठ्या कंपनीची बाजू अशी. तिच्या मुख्य तारा बहुधा वर्तुळात जोडलेल्या असतात, एका बाजूने तुटल्या तर दुसऱ्या बाजूने वाहतूक वळते. केंद्रावर बॅटरी आणि जनरेटर असतात. बिल नीट येते, तक्रारीला क्रमांक मिळतो, घर बदलले तर जोडणी सोबत नेता येते. उणे बाजू अशी की तक्रार ॲपवर करावी लागते आणि ॲपला तुमची गल्ली माहीत नसते. दुरुस्तीला येणारा मुलगा कंत्राटदाराचा असतो, त्याच्याकडे दिवसाला ठरलेल्या भेटी असतात आणि सहा महिन्यांनी तो दुसरीकडे गेलेला असतो. शहराच्या एका भागात उत्तम चालणारी तीच कंपनी दुसऱ्या भागात रडवते, कारण कंत्राटदार वेगळा.

स्थानिक ऑपरेटरची बाजू बरोबर उलटी. युनायटेड केबल नेटवर्क म्हणजे यूसीएनसारखी नावे नागपूरकरांना केबल टीव्हीमुळे वर्षानुवर्षे ओळखीची आहेत, आणि त्यांच्या खालोखाल प्रत्येक वस्तीत लहान-लहान ऑपरेटर आहेत. केबलवाला भाऊ नावानिशी ओळखतो. रात्री साडेनऊला फोन केला तर शिडी घेऊन स्कूटरवर येतो. कोणत्या झाडाच्या फांदीने तार घासते, कोणत्या डीपीपाशी जोड आहे, हे त्याच्या डोक्यात असते. अशी सेवा ॲपवर मिळत नाही, आणि तिची किंमत आपण नेहमी कमी लावतो. पण त्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. चौकातल्या त्याच्या डब्याला बॅटरी नसेल तर वस्तीतली वीज गेली की तुमचा इन्व्हर्टर चालू असूनही नेट जाते. घरात लग्न निघाले की त्याचा फोन लागत नाही. काहीजण रोख पैसे घेतात आणि पावती देत नाहीत, मग तक्रार कुठे न्यायची? पुढच्या कंपनीशी त्याचा व्यवहार बिघडला तर एका रात्रीत सगळ्या वस्तीचा वेग घसरतो.

बीएसएनएलबद्दल नागपूरच्या जुन्या मध्यमवर्गाला आपुलकी आहे, आणि ती निराधार नाही. दर रास्त आहेत, छुप्या अटी कमी आहेत आणि लँडलाइनचा जुना नंबर टिकवता येतो. पण ३१ जानेवारी २०२० या एका दिवशी देशभरातील ७८ हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्त झाले, आणि त्यांच्यासोबत तारांची माहिती असलेले लाइनमनही गेले. आता बीएसएनएलचे घरगुती फायबर बऱ्याच ठिकाणी खासगी भागीदारामार्फत येते. म्हणजे बिलावर नाव सरकारी कंपनीचे आणि शिडी पुन्हा वस्तीतल्याच कोणाची. तो भागीदार चांगला असेल तर ही शहरातली सर्वांत फायद्याची जोडणी ठरू शकते.

हवेतून येणाऱ्या जोडणीला मी एका वर्गासाठी खुलेपणाने पसंती देईन. रिंग रोडपलीकडे जे नवे लेआउट पडले आहेत, जिथे अजून फायबर पोचलेले नाही किंवा रस्ता व्हायचा आहे म्हणून तारा रोज तुटतात, तिथे ही सोय वरदान आहे. मिहानमध्ये नोकरी लागून अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या मुलामुलींनाही भिंतीला भोके न पाडता नेट मिळते. पण मनोऱ्याची क्षमता सगळ्यांत वाटली जाते आणि संध्याकाळी परिसरातले सगळे फोन त्याच मनोऱ्यावर असतात. आज भरपूर मिळणारा वेग वर्षभराने, वस्ती भरल्यावर, तेवढाच राहील अशी हमी कोणी देत नाही. फायबर पोचले आहे तिथे फायबरच घ्यावे.

वीज वितरणाचा अनुभव इथे आठवण्यासारखा आहे. २०११ पासून महाल, गांधीबाग आणि सिव्हिल लाइन्स या विभागांतले वितरण खासगी फ्रँचायझीकडे होते. सप्टेंबर २०१९ मध्ये ते महावितरणकडे परत आले. बिलावरचे नाव दोनदा बदलले, पण गल्लीतला खांब, डीपी आणि त्यावर चढणाऱ्या माणसाचे कसब यांवरच वीज टिकून राहिली. इंटरनेट याच खांबांवरून लटकते, परवानगीने असो वा नसो. महावितरणने पावसाळ्यापूर्वी फांद्या तोडल्या की तारा तुटतात. २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता, तो या शहराचा उच्चांक आहे. मे महिन्यात दुपारी कूलर आणि एसींच्या भाराने डीपी उडाले की वीज जाते आणि नेटही जाते. राउटर आणि फायबरचा डबा यांना मिळून पंखाही चालणार नाही एवढीच वीज लागते. बारा व्होल्टचा छोटा यूपीएस त्यांना तीन-चार तास जगवतो आणि तो मोठ्या प्लॅनच्या दोन महिन्यांच्या फरकात येतो. अर्थात त्याचा उपयोग ऑपरेटरच्या डब्यालाही बॅटरी असेल तरच. म्हणून जोडणी घेण्यापूर्वी विचारायचा पहिला प्रश्न हाच: वस्तीतली वीज गेल्यावर तुमचे नेट चालते का? फलकावरच्या नंबरला विचारून उपयोग नाही, शेजारणीला विचारावे.

रस्त्यांची गोष्ट याहून मोठी आहे. गेल्या दशकभरात नागपुरात रस्ते मोठ्या प्रमाणावर सिमेंटचे झाले, मेट्रो आली, वर्धा रोडवर दुमजली उड्डाणपूल उभा राहिला. शहर बदलले, आणि या प्रत्येक कामात जमिनीखालच्या तारा उघड्या पडल्या. सिमेंटचा रस्ता करतानाच कडेला तारांसाठी डक्ट ठेवली नाही तर दोन पर्याय उरतात. एक, नवा रस्ता फोडणे. दुसरा, खांबांवरून तारा लटकवणे. दोन्ही आपण रोज पाहतो. केंद्राने २२ मार्च २०२३ रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केले. खोदणाऱ्याने आधी कळवायचे, म्हणजे त्या जागी कोणाच्या तारा आणि नळ आहेत हे समजते. जेसीबी चालवणाऱ्या कंत्राटदाराला ते वापरणे महापालिकेने निविदेतच बंधनकारक करावे आणि न वापरल्यास दंड लावावा. कंपन्यांनी कितीही गिगाबिट विकले तरी ते खड्ड्याशी येऊन थांबतात.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीच्या काठच्या वस्त्यांत तळमजले बुडाले. त्या सकाळी माणसांचे जीव आणि संसार महत्त्वाचे होते, इंटरनेट नव्हे. पण अशाच वेळी मदत मागायला, नातेवाइकांना कळवायला, नंतर पंचनाम्याचे फोटो पाठवायला नेट लागते. अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट यांसारख्या भागांतल्या इमारतींनी जोडणीचा सामाईक डबा तळमजल्यावर, मीटरच्या खोलीत ठेवू नये. पहिल्या मजल्यावर हलवायला फार खर्च येत नाही.

ग्राहकाच्या हाती काही हक्क आहेत, पण ते कागदावरच पडून राहतात. तारेची ब्रॉडबँड जोडणी तीन दिवसांहून अधिक बंद राहिली तर भाड्यात सूट द्यावी, अशी तरतूद ट्रायच्या २००६ च्या नियमांतच होती. सेवेच्या दर्जाचे नवे एकत्रित नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. तक्रार क्रमांक घेणे आणि समाधान झाले नाही तर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाणे, हा मार्ग मोठ्या कंपन्यांत उपलब्ध आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. दूरसंचार सेवेबद्दलच्या तक्रारी ग्राहक मंच ऐकू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले. यासाठी पावती हाताशी असलेली बरी. ओळखीच्या केबलवाल्याकडे पावती मागायला आपल्याला संकोच वाटतो. तो संकोच सोडावा, कारण पावती देणारा ऑपरेटर स्वतःही अधिक टिकाऊ असतो.

मग निवड कशी करावी? माझे उत्तर घरागणिक बदलते. ज्या घरात नेट म्हणजे करमणूक, मुलांचा अभ्यास आणि अधूनमधून व्हिडिओ कॉल, त्यांनी ५० ते १०० एमबीपीएसच्या पलीकडे पाहू नये आणि आपल्या खांबावर ज्याची दुरुस्ती सर्वांत लवकर होते त्याच्याकडे जावे, मग तो केबलवाला असो की मोठी कंपनी. महिना किंवा तिमाहीचे पैसे भरून एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढावा. त्यानंतर वार्षिक प्लॅन घेतला तरी चालेल. फुकटच्या दोन महिन्यांसाठी पहिल्याच दिवशी बारा महिन्यांचे पैसे देऊन टाकले, की नाराज झाल्यावर सोडून जाण्याची मोकळीक आपणच विकतो.

ज्यांचा पगार नेटवर चालतो, त्यांच्याबाबत माझा सल्ला थोडा वेगळा आहे, आणि तो अनेकांना उधळपट्टी वाटेल. त्यांनी ३०० ची एक जोडणी घेण्याऐवजी ५० च्या दोन घ्याव्यात, वेगवेगळ्या वाटांनी येणाऱ्या. एक तारेची आणि एक हवेची असेल तर उत्तम, म्हणजे जेसीबी आणि डीपी दोघांपासून एकदम धोका होत नाही. दोन्ही तारेच्याच असतील तर त्या एकाच खांबावरून येत नाहीत ना, हे पाहावे. दोन मोठ्या कंपन्यांच्या तारा एकाच फांदीने तुटल्याची उदाहरणे गल्लोगल्ली सापडतील. महिन्याला दोन-तीनच दिवस घरून काम असेल, तर दुसऱ्या जोडणीऐवजी फोनचे फाइव्ह-जी पुरते. रेडिओलॉजिस्ट आणि व्हिडिओ संपादकांनी मात्र दोन जोडण्यांपैकी मुख्य जोडणी मोठीच घ्यावी. त्यांच्या बाबतीत वेगाचे पारडे खाली जाते, हे मी मान्य करतो.

एक आक्षेप उरतो. सगळ्यांनी असाच हिशेब केला आणि कमी वेगाचे प्लॅन घेतले, तर कंपन्या नव्या तारा टाकायला पैसे कुठून आणतील? हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. गुंतवणूक ग्राहकांच्या पैशातूनच येते. पण आज ग्राहक आकड्याला पैसे देतो, म्हणून कंपन्या आकडा वाढवतात. तो दुरुस्तीला, बॅटरीला, दुसऱ्या वाटेला पैसे देऊ लागला, तर गुंतवणूक तिकडे वळेल. ‘बिघाड चार तासांत दुरुस्त, नाहीतर त्या दिवसाचे पैसे परत’ अशी ओळ एखाद्या ऑपरेटरने फलकावर लिहिली, तर मी शंभर रुपये जास्त देईन आणि ओळखीच्यांनाही तेच सांगेन.

निवडीला खरा अर्थ येतो तो पर्याय असले तर. अनेक नव्या स्कीममध्ये बिल्डर किंवा सोसायटीची समिती एकाच कंपनीला आत येऊ देते. कधी त्यामागे सामाईक भागाचे भाडे असते, कधी तारांचा पसारा नको ही साधी इच्छा. इच्छा समजण्यासारखी आहे, पण परिणाम असा होतो की सदनिकाधारक त्या एका कंपनीच्या कंत्राटदाराच्या हाती सापडतो. इमारतीत सर्व सेवादात्यांना समान प्रवेश असावा, अशी शिफारस ट्रायने जानेवारी २०१७ मध्येच केली होती, आणि इमारतींना डिजिटल जोडणीनुसार मानांकन देण्याचे नियम ऑक्टोबर २०२४ मध्ये आले. घर घेताना पार्किंग आणि पाणी विचारतो तसे हेही विचारायला हवे. जे आधीच राहतात त्यांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी व्हायची असते. तिच्या विषयपत्रिकेत तीन मुद्दे घालावेत: किमान दोन कंपन्यांना तारा टाकायला खुला शाफ्ट, सामाईक डब्याला इमारतीच्या जनरेटरची किंवा इन्व्हर्टरची वीज, आणि छतावर कोणाची यंत्रे किती भाड्याने बसली आहेत याचा लेखी हिशेब. सूचना सचिवांकडे सभेच्या पुरेशी आधी लेखी द्यावी, म्हणजे ती आयत्या वेळच्या विषयांत ढकलली जाणार नाही.